मोक्षाचं चित्र काढता येतं का? पूर्व भागातल्या एका चित्रकाराला उत्तर

प्रश्न लांब होता, म्हणून आधी त्याचा गाभा सांगतो. विचारणारे सोलापूरच्या पूर्व भागातले तरुण चित्रकार आहेत, पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातल्या कुटुंबातले. वडील चादर कारखान्यात यंत्रमागावर होते, दीड वर्षापूर्वी वारले. त्यानंतर यांनी ‘मोक्ष’ ही चित्रमालिका सुरू केली. तिच्यात ध्यानस्थ आकृत्या, कमळं, बिंदू आणि निळ्यातून पांढऱ्याकडे जाणारा प्रकाश आहे. बघणारे ‘किती शांत वाटतं’ म्हणतात, पण यांना स्वतःला ती चित्रं खोटी वाटतात. त्यांनी विचारलंय की मोक्ष चित्रात दाखवता येतो का, चित्र काढून मुक्ती मिळते का, की आपण नुसती सजावट करतोय? प्रदर्शनही जवळ आलंय आणि त्याच्या नावाबद्दल मनात शंका आहे.

मी सोलापुरातच चित्रं काढतो आणि शिकवतो. हा विषय घेऊन येणारी मुलं दरवर्षी भेटतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत. मोक्ष चित्रात दाखवता येतो का, हा चित्रकलेचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मी बऱ्यापैकी खात्रीने देऊ शकतो. चित्र काढणाऱ्याला मुक्ती मिळते का, हा साधनेचा प्रश्न. त्यावर चित्रकार म्हणून जेवढं पाहिलंय तेवढंच बोलेन. पुढचं घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा तुमचे कोणी गुरू असतील तर त्यांना विचारा. पण मला या दोन्हींच्या खाली तिसरा प्रश्न दिसतो. एवढ्या मोठ्या मजकुरात वडिलांवर एकच वाक्य आहे आणि चित्रांत ते कुठेच नाहीत. वडील सुटले का, हे तुम्हाला विचारायचंय, असं मला वाटतं. माझा अंदाज चुकीचा असेल तर सोडून द्या. बरोबर असेल, तर चित्रांतला खोटेपणा तिथूनच आलाय, कारण ज्यांच्यासाठी मालिका सुरू झाली त्यांनाच तुम्ही तिच्या बाहेर ठेवलंय.

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. उत्तर बरंचसं यावर अवलंबून आहे की तुम्ही कोणत्या मोक्षाबद्दल बोलताय. आपल्याच जिल्ह्यात पाहा. दिगंबर जैन घरात वाढलेल्या मुलाला सिद्धशिला आठवेल, सगळी कर्मं झडल्यावर जीव जिथे पोचतो ती जागा. लिंगायत घरात ऐक्य म्हणतील, म्हणजे शिवाशी एकरूप होणं. बौद्ध वस्तीत निर्वाण म्हणजे तृष्णेचं विझणं. आणि पंढरपूरच्या वाटेवर चालणारा वारकरी तर मुक्ती नकोच म्हणतो. तुकोबांनी मुक्ती आणि धनसंपदा दोन्ही बाजूला सारून संतसंग मागितला, त्यासाठी पुन्हा गर्भवास पत्करायची तयारी दाखवली. या चारांची चित्रं एकमेकांसारखी होणं शक्यच नाही. तुमच्या मालिकेत मात्र कमळ एका परंपरेतून, बिंदू दुसऱ्या, बसलेली आकृती कुठल्याशा कॅलेंडरवरून आलीय. लोकांना शांत वाटतं ते खरंच असेल, पण कुठेही अडखळायला होत नाही म्हणून तसं वाटतंय.

तुम्ही ‘कलानां प्रवरं चित्रं धर्मकामार्थमोक्षदम्’ हे वचन दिलंय, म्हणजे कलांमध्ये चित्र श्रेष्ठ, ते धर्म, काम, अर्थ आणि मोक्ष देतं. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातल्या चित्रसूत्रातलं हे वचन सगळे सांगतात आणि तिथेच थांबतात. थोडं पुढेमागे वाचा. मोक्ष देणारी म्हणून जिची थोरवी गायली, ती कला शिकवताना हा ग्रंथ शरीराची मापं सांगतो, उभं राहण्याच्या ठेवणी, डोळ्यांचे आकार, रंग तयार करायच्या रीती सांगतो. लाटा, ज्वाळा, धूर आणि पताका वाऱ्याच्या गतीप्रमाणे जो काढू शकतो तो चित्र जाणणारा, असं म्हणतो. आणि लगेच म्हणतो की झोपलेल्या माणसात चेतना आहे आणि मेलेल्यात ती नाही, हे ज्याला दाखवता येतं तो चित्र जाणणारा. ही ओळ तुम्ही वडिलांना डोळ्यांसमोर आणून एकदा वाचा. आणखी एक गोष्ट. त्या ग्रंथात राजा वज्र विचारतो आणि मार्कंडेय ऋषी सांगतात. पद्मशाली समाज ज्यांना आपला मूळपुरुष मानतो आणि ज्यांचा रथ नारळी पौर्णिमेला तुमच्या गल्लीवरून जातो, तेच मार्कंडेय. यमाचा पाश पडत असताना शिवलिंगाला मिठी मारलेला मुलगा म्हणून आपण त्यांना ओळखतो. कमळ आणि बिंदू शोधत लांब जायच्या आधी तुमच्या घरातच ही कथा होती, आणि तिच्यात मृत्यू, भीती आणि घट्ट धरलेले दोन हात आहेत. चित्रकाराला याहून जास्त काय लागतं?

घडवणाऱ्याला घडवण्यातून मुक्ती मिळते का, हा प्रश्न तर या गावात बाराव्या शतकातच विचारला गेलाय. सोलापूर तेव्हा सोन्नलिगे होतं. सिद्धरामेश्वर तळं खणत होते, देऊळ बांधत होते, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापत होते. परंपरा सांगते की लिंगायत परंपरेतले संत अल्लमप्रभू तिथे आले आणि खणणाऱ्या लोकांसमोर त्यांनी सिद्धरामांना वड्डर, म्हणजे दगडमाती खोदणारा, म्हणून हिणवलं. माणसं चिडली, दगड मारायला धावली. मग सिद्धराम स्वतः समोर आले आणि दोघांचा संवाद झाला. बाहेर इतकी लिंगं स्थापलीस, आतल्या लिंगाचं काय, असा त्या संवादाचा रोख. सिद्धराम अल्लमांबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला (आताचं बसवकल्याण) गेले, बसवण्णांना भेटले, शरण, म्हणजे त्या मार्गाचे भक्त, झाले. मला या कथेत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तळं बुजवलं नाही, देऊळ पाडलं नाही. सिद्धरामेश्वरांची समाधी त्याच तळ्यातल्या देवळात आहे आणि गाव आजही त्यांना कर्मयोगी म्हणतं. खणण्याने मुक्ती मिळते हा समज गेला, खणलेलं पाणी लोकांसाठी राहिलं. चित्राबद्दल माझं मत हेच आहे. चित्र तुम्हाला सोडवेल या भरवशावर काढू नका. पण सुटायचंय म्हणून चित्र सोडायचीही गरज नाही.

आता चित्रकलेच्या प्रश्नाकडे येतो. मोक्ष दाखवता येतो का? मला पटलेलं उत्तर असं की सुटलेला माणूस दाखवता येत नाही. तो नसल्याची जागा दाखवता येते, आणि मागे राहिलेले दाखवता येतात. ज्या कारागिरांनी हा विषय खरोखर पेलला त्यांनी हेच केलं.

सांचीच्या स्तूपाच्या जुन्या तोरणांवर, म्हणजे दगडी प्रवेशद्वारांवर, बुद्धाची मूर्ती नाही. रिकामं आसन आहे, बोधिवृक्ष आहे, पावलांचे ठसे आहेत. पूर्वेकडच्या तोरणावर गृहत्यागाचा प्रसंग आहे. घोडा चाललाय, त्याच्यावर छत्र धरलंय, पण पाठीवर कोणी नाही. त्या मोकळ्या पाठीवर नजर खिळते.

अजिंठ्याची सव्वीस नंबरची लेणी तुम्ही पाहिली नसेल तर प्रदर्शनाआधी पाहून या. महापरिनिर्वाणाचं शिल्प साधारण सात मीटर लांब आहे. बुद्ध उजव्या कुशीवर निजलेत, चेहऱ्यावर काहीच घडत नाही. शिल्पकाराने सगळी हालचाल बाहेर ठेवलीय. खाली शिष्य शोक करतायत, कोणी हात डोक्याला लावलाय, कोणाची मान खाली गेलीय, आणि वर स्वर्गातले जीव आनंदात आहेत. एकच घटना, खाली रडणं आणि वर उत्सव, मध्ये ती लांब स्तब्ध देहरेषा. मुलांना तिथे नेतो तेव्हा मी त्यांना बुद्ध काढू देत नाही. खालची रांग काढायला लावतो. त्या रांगेत आपण आहोत, म्हणून ती आपल्याला काढता येते.

तिसरं उदाहरण दिगंबर देवळांतलं. सिद्धप्रतिमा म्हणून धातूचा पत्रा असतो आणि त्यातून उभ्या माणसाची आकृती कापून काढलेली असते. देहाच्या जागी मोकळी जागा, तिच्यातून मागचा उजेड दिसतो. घडवलेला भाग म्हणजे फक्त कडा. मुक्त जीवाला देह नाही ही जैनांची तत्त्वविचारातली गोष्ट एका कारागिराने छिन्नीने इतकी नेमकी सांगितली की मला त्यावर बोलायला काही उरत नाही.

म्हणून माझा सल्ला एका वाक्याचा आहे. मोक्ष रंगवू नका, बंधन रंगवा. ते इतकं खरं रंगवा की कुठे सैल झालं हे बघणाऱ्याला आपोआप कळेल.

बिंदूबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या सहा चित्रांत तो आहे. चित्रकार सय्यद हैदर रझा १९२२ साली मध्य प्रदेशात जन्मले, १९५० मध्ये पॅरिसला गेले आणि कित्येक वर्षं निसर्गचित्रं करत राहिले. बिंदू त्यांच्या चित्रात ठाण मांडून बसला तो पन्नाशी उलटल्यावर. त्या काळ्या गोलाच्या मागे लहानपणी पाहिलेलं जंगल आहे, शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघायला लावलं ती आठवण आहे. तो गोल उचलून आपल्या कॅनव्हासवर ठेवला की गोल येतो, बाकी काही येत नाही. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचंही तसंच. रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज, झेन यांच्याशी त्यांचं नातं होतं, पण चित्रांत एकही धार्मिक चिन्ह सापडत नाही. रोलरने आणि पॅलेट नाइफने थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे, आणि बाकी वेळ बसून बघायचं. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच चित्रं होत. चित्रकार प्रभाकर बरवे वाराणसीला विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. तिथे ते तांत्रिक प्रतीकांकडे ओढले गेले. पुढे त्यांच्या चित्रात घड्याळ, पान अशा रोजच्या वस्तू आल्या आणि चित्र जास्त गूढ झालं. या तिघांनीही परंपरा नाकारली नाही. त्यांनी ती आपल्या आयुष्यातून जाऊ दिली आणि मगच कॅनव्हासवर येऊ दिली.

तुमच्या आयुष्यात काय आहे? यंत्रमाग आहे. खटखटाट, धोटा, कांडी, फणी, दिव्याच्या उजेडात तरंगणारी सुताची धूळ. वडिलांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता का? मागावर बरीच वर्षं उभं राहिलेल्या माणसाची उभं राहण्याची ढब वेगळी होते, ती तुम्ही पाहिली असणारच. आई विडी वळते असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. सूप मांडीवर, कात्री, तेंदूचं पान, दोऱ्याचा वेढा. या हातांना सुटका म्हणजे काय वाटत असेल, हे विचारायला मला तरी कमळाची गरज दिसत नाही. सोलापुरी चादरीच्या जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, भोकं पाडलेले पुठ्ठे तुमच्या घरात किंवा शेजारी मिळतील. कुठे भोक आहे आणि कुठे नाही, यावर कोणता धागा वर उचलला जाईल ते ठरतं, आणि त्यातून नक्षी उमटते. सिद्धप्रतिमेच्या पत्र्याशेजारी तो पुठ्ठा मनात ठेवून बघा. मी यापुढे काही सुचवत नाही, ते तुमचं आहे.

आता हाताच्या कामाबद्दल. निळ्यावर पांढरा चढवत नेलेला प्रकाश खोटा दिसतो याला साधं कारण आहे. टायटॅनियम व्हाइट अपारदर्शक असतो, तो मिसळला की रंग खडूसारखा होतो आणि उजेड पृष्ठभागावर थापल्यासारखा वाटतो. उलट करून बघा. कॅनव्हासला पांढरं प्रायमर नीट द्या, वाळू द्या. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनने पातळ करून सगळीकडे एकसारखा पसरा. मग कापडाने पुसत पुसत आकार काढा. यंत्रमागावर तेल पुसायला जे कॉटन वेस्ट वापरतात ते यासाठी उत्तम. जिथे उजेड हवा तिथला रंग काढायचा, पांढरा लावायचा नाही. रंग ओला आहे तोवरच हे करता येतं, म्हणून एका बैठकीत, फार तर अर्ध्या दिवसात काम संपवा, आणि खिडक्या उघड्या ठेवा, टर्पेंटाइनच्या वासाने डोकं धरतं. या पद्धतीत उजेड तुम्ही आणत नाही, तो खाली असतोच. तुम्ही फक्त वरचं दूर करता. तुमच्या विषयाला ही रीत तत्त्वाने जवळची आहे, पण ती मी सुचवतोय ते चित्र चांगलं होतं म्हणून.

रंगांचंही पाहा. तो धूसर निळा सोलापुरात कुठे दिसतो? आपल्याकडे मे महिन्यात दुपारी उजेड इतका तीव्र असतो की रंगच उडून जातात. काळी माती, भुईकोटाचा बेसाल्ट, धुळीने पिवळसर झालेलं आभाळ. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला जाऊन बसा. तिथल्या हरिहरेश्वर मंदिरातल्या बहुमुखी शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. नुसती पेन्सिल घेऊन त्यातली पाच-सहा काढा. एका दगडावर एवढे चेहरे कोरणाऱ्याने प्रत्येकावर किती वेळ नजर स्थिर ठेवली असेल, हे काढायला बसल्यावर हाताला समजतं.

राहिला साधनेचा प्रश्न. चित्र काढणाऱ्याला शांती मिळतेच असं नाही, आणि हे मी तुम्हाला मुद्दाम स्पष्ट सांगतो. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोने ह्यूस्टनच्या प्रार्थनागृहासाठी चौदा मोठी, काळोखी चित्रं केली. तिथे बसून असंख्य लोकांना आधार मिळालाय. ती वास्तू १९७१ मध्ये उघडली, त्याच्या आदल्या वर्षीच रॉथकोने आयुष्य संपवलं होतं. चित्राने दुसऱ्यांना जे दिलं ते करणाऱ्यापर्यंत पोचेलच याची हमी नसते. मायकेलअँजेलोने सिस्टिन चॅपेलच्या भिंतीवर अंतिम न्यायाचा दिवस रंगवला, तारण आणि शिक्षा दोन्ही, शेकडो देहांसह. तोच म्हातारपणी एका कवितेत लिहितो की रंगवणं आणि कोरणं आता जिवाला शांतवत नाही, जीव देवाच्या प्रेमाकडे वळलाय. तरी १५६४ मध्ये मरण्याच्या काही दिवस आधीपर्यंत तो एका शिल्पावर काम करत होता. आई आणि तिने धरलेला मृत मुलगा. मिलानमध्ये ते आहे. आधीच्या घडणीतला एक सुटा हात अजून बाजूला तसाच उभा आहे, आणि दोन्ही देह इतके कोरून कमी केलेत की एकमेकांत विरघळतायत. शांती मिळत नाही हे माहीत असूनही तो छिन्नी घेऊन उभा राहिला. मला साधना म्हणून हे पटतं. फळाची खात्री नसताना रोज लक्ष देणं. ते लक्ष माणसाला थोडं मोकळं करतं, हा माझा अनुभव आहे. यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, दिवसच्या दिवस अंथरुणातून उठावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा आणि घरातल्या कोणाशी तरी बोला. दुःखावर चित्र हा उपचार नाही, आणि तसा वापर केला तर चित्रावरही अन्याय होतो.

सोडून देण्याचा सराव करायचा असेल तर आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत तो आहेच. संक्रांतीला नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या, वाटेवर रांगोळीच्या पायघड्या घालतात. रात्र जागून काढलेली नक्षी मिरवणुकीच्या पायांखाली जाते, कारण ती त्यासाठीच काढलेली असते. एका जानेवारीत त्यांच्यात सामील व्हा. तिथे सही नसते, विक्री नसते, आणि रेष चुकली तर दुरुस्त करायला फारसा वेळही नसतो. चित्रं विकण्याला माझा विरोध नाही, घर चालवावं लागतं. फक्त वडिलांचं पहिलं चित्र विकायची घाई करू नका.

प्रदर्शनाबद्दल. सध्याची सगळी चित्रं टाकून देऊ नका, त्यातली दोन चांगली आहेत. एक ती आकृती, जिचा चेहरा तुम्ही अर्धवट सोडलाय, आणि दुसरं ते राखाडी चित्र, ज्यात खाली कोपऱ्यात चप्पल दिसते. ती चप्पल कोणाची हे तुम्ही लिहिलं नाहीत. दालनाची तारीख तीन-चार महिने पुढे नेता आली तर न्या, आगाऊ रक्कम बुडणार असेल तर याच दोन चित्रांसोबत रेखाटनं लावा. बिंदूची सहाही चित्रं बाजूला ठेवा. नावात ‘मोक्ष’ नको. तो शब्द भिंतीवर दिसला की लोक तो चित्रात शोधतात आणि चित्र बघत नाहीत. वडील ज्या पाळीला जायचे, पहिली, दुसरी किंवा रात्रपाळी, तेवढंच नाव ठेवलं तरी चालेल. आईला विचारा, त्यांना आठवत असेल.